घरी दारू गाळायला शिकताय? मग आधी फर्मेंटरकडे बघा

न्यूझीलंडमध्ये स्वतःपुरती दारू घरी गाळायला कायद्याने परवानगी आहे हे इथे नवीन आलेल्या मराठी मंडळींना सांगितलं की पहिला प्रश्न येतो "खरंच?" आणि लगेच दुसरा, "मग मशीन कुठलं घेऊ?" पहिल्याचं उत्तर सरळ आहे, हो, १९९६ च्या कस्टम्स आणि एक्साइज कायद्यापासून परवानगी आहे, २०१८ च्या नवीन कायद्यातही ती तशीच ठेवली, लायसन्स लागत नाही, ड्यूटी भरावी लागत नाही, अट एकच की विकायची नाही, एक बाटलीसुद्धा नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी मुद्दाम लांबवतो कारण मशीन हा या छंदातला सगळ्यात सोपा भाग आहे, होमब्रूच्या दुकानात जायचं, कार्ड स्वाइप करायचं, मिळालं.

पुढे जाण्याआधी जे भारतातून वाचतायत त्यांच्यासाठी स्पष्ट लिहितो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा आहे, मग ती एक लिटर असो की शंभर, घरच्यासाठी असो की धंद्यासाठी. गोव्यात भट्टी लावायलाही परवाना लागतो. अमेरिकेत घरी बिअर आणि वाइन बनवता येते पण तीच गाळली की फेडरल कायदा आडवा येतो, ऑस्ट्रेलियात पाच लिटरपर्यंतचं भांडं घरात ठेवता येतं पण त्यातून दारू काढायला परवाना लागतोच. त्यामुळे हे सगळं इथलं, न्यूझीलंडमधलं आहे असं धरून वाचा, बाकीच्यांनी माहिती म्हणून वाचा, आवडेल.

आता मुद्दा. भट्टी दारू बनवत नाही, दारू यीस्ट बनवतं. भट्टीत जाण्याआधीच अल्कोहोल तयार झालेलं असतं, भट्टी ते फक्त वेगळं करते, आणि अल्कोहोलबरोबर जे काही बरंवाईट फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, तयार झालंय तेही उचलून आणते. नवशिक्या माणसाचं सगळं लक्ष त्या चकचकीत तांब्याच्या कॉलमकडे असतं आणि वॉश, म्हणजे गाळण्यासाठी आंबवलेलं पाणी, मात्र घाईघाईत, भसाभस साखर आणि टर्बो यीस्ट (झटपट आंबवणारं तयार यीस्ट) टाकून उरकलेला असतो, मग चव खराब आली की मशीनला दोष द्यायचा आणि त्याहून महागडं मशीन शोधायचं. मला हे बघून मनापासून वाईट वाटतं, कारण तेच पैसे आणि तोच वेळ वॉशवर घातला तर साध्या भांड्यातूनही फार सुंदर दारू निघते.

वॉशचं गणित सोपं आहे. एक लिटरमध्ये १७ ग्रॅम साखर पूर्ण आंबली की साधारण १ टक्का अल्कोहोल. म्हणजे एकूण २० लिटरच्या वॉशमध्ये ४ किलो साखर घातली तर १२ टक्क्यांच्या जवळ पोचता. टर्बो यीस्टच्या पाकिटावर १८, २० टक्के असे आकडे लिहिलेले असतात, त्यांच्या नादी लागू नका, एवढ्या साखरेत यीस्टवर ताण येतो आणि ताणलेलं यीस्ट नको ते वास जास्त बनवतं, जे नंतर कार्बनच्या, म्हणजे कोळशाच्या, फिल्टरमधून कितीही गाळलं तरी मागे राहतात. १०-१२ टक्क्यांवर थांबा. हायड्रोमीटर घ्या, म्हणजे वॉशची घनता मोजणारी तरंगती काचेची नळी, स्वस्त असतो, सुरुवातीला १.०७५ च्या आसपास दाखवेल आणि शेवटी साखरेच्या वॉशला ०.९९० पर्यंत उतरेल, आकडा दोन-तीन दिवस हलला नाही की समजायचं काम झालं. बुडबुडे थांबले म्हणजे संपलं असं नसतं, थंडी पडली की यीस्ट झोपतं आणि इथे जून-जुलैत गॅरेजमध्ये ते होतंच, मग फर्मेंटरला जुनी गोधडी गुंडाळा किंवा हीट बेल्ट (विजेवर तापणारा पट्टा) लावा.

नुसत्या साखरेत यीस्टला खायला नायट्रोजन नसतो हे पण लक्षात ठेवा, त्यासाठी न्यूट्रिएंट घालावं लागतं, बहुतेक पाकिटांत डायअमोनियम फॉस्फेट असतं. आपल्याकडे गावठी दारूत काळ्या गुळाबरोबर नवसागर टाकतात आणि शहरातले लोक त्याचं नाव घेतलं की विष असल्यासारखं तोंड करतात, पण नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, त्यातून यीस्टला मिळतो तो अमोनियमच, म्हणजे ती पद्धत अडाणीपणातून आलेली नव्हती, कुणीतरी अनुभवाने शोधलेली होती. (पण म्हणून बाजारातला नवसागर घालू नका, तो खाण्यासाठी शुद्ध केलेला असेलच असं नाही. फूड ग्रेड न्यूट्रिएंट मिळतं, तेच वापरा.)

आंबून झालं की लगेच भट्टीवर चढवू नका. आठवडाभर थंड जागी ठेवा, यीस्ट खाली बसू द्या, वरचा स्वच्छ वॉश सायफनने काढून घ्या. यीस्टचा गाळ भट्टीत गेला तर तळाला लागतो आणि तो करपलेला वास शेवटच्या थेंबापर्यंत येतो. या एका आठवड्याने दारूत जेवढा फरक पडतो तेवढा पाचशे डॉलरच्या अपग्रेडने पडत नाही असं माझं ठाम मत आहे.

बरं, आता मशीन. दोन जाती आहेत. पॉट स्टिल म्हणजे भांडं, वर झाकण, वाफेची नळी आणि वाफ थंड करणारा कंडेन्सर. रिफ्लक्स स्टिल म्हणजे त्याच भांड्यावर उंच कॉलम (उभी नळी), आत पॅकिंग म्हणजे धातूची जाळी वगैरे भरलेली, त्यात वाफ वर जाता जाता पुन्हापुन्हा थंड होऊन खाली येते, परत उकळते, आणि वर पोचेपर्यंत ९० टक्क्यांच्या वर गेलेली असते. वोडका किंवा जिनसाठी न्यूट्रल, म्हणजे स्वतःची चव नसलेलं, स्पिरिट हवं असेल तर रिफ्लक्स, रम, व्हिस्की, ब्रँडी अशी चव राखायची असेल तर पॉट. इथे सगळ्यात जास्त लोक स्टिल स्पिरिट्स या कंपनीच्या एअर स्टिलपासून सुरुवात करतात, चार लिटरचं, विजेवर चालणारं, पंख्याने थंड होणारं, पाण्याची नळी पण लागत नाही. शिकायला ते चांगलं आहे कारण एका वेळी थोडाच वॉश जातो आणि दिवसभर बसावं लागत नाही. धातू मात्र बघून घ्या, स्टेनलेस स्टील आणि तांबं, बस. वाफेच्या वाटेत प्लास्टिक नको, शिशाचं सोल्डर अजिबात नको, जुन्या गाडीचा रेडिएटर कंडेन्सर म्हणून वापरून लोकांना शिशाची विषबाधा झाल्याचे प्रकार अमेरिकेत भरपूर झालेत. तांबं शोभेसाठी नसतं हेही सांगतो, आंबताना तयार झालेली गंधकाची संयुगं तांबं धरून ठेवतं, म्हणून सगळं स्टीलचं असेल तर वाफेच्या वाटेत थोडी तांब्याची जाळी ठेवतात.

मी मूळचा सावंतवाडीकडचा. आमच्याकडे काजूच्या बी काढून घेतल्या की बोंडू झाडाखाली कुजत पडलेले असतात आणि जरा पलीकडे गेलं की गोव्यात त्याच बोंडवांच्या रसाची फेणी होते, जिला २००९ मध्ये जीआय (त्या भागाचीच म्हणून कायदेशीर ओळख) मिळालं. तिकडची भट्टी ज्याने नीट बघितलीय त्याला पॉट स्टिल वेगळं समजावून सांगावं लागत नाही. भाण म्हणजे बॉयलर, सांधे मातीने लिंपलेले, वाफ नळीतून थंड पाण्यात बुडवलेल्या भांड्यात, पहिल्यांदा गाळून उर्राक, ते पुन्हा गाळून फेणी. आपण घरी जे स्ट्रिपिंग रन आणि स्पिरिट रन म्हणतो ते हेच. पहिल्या वेळी जास्त विचार न करता सगळं अल्कोहोल काढून घ्यायचं, मग ते पाणी घालून ४० टक्क्यांच्या खाली आणायचं आणि दुसऱ्या वेळी सावकाश, लक्ष देऊन गाळायचं.

एक गैरसमज जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात असतो, की अल्कोहोल ७८ डिग्रीला उकळतं आणि पाणी १०० ला, मग तापमान ७८ वर धरून ठेवलं की फक्त अल्कोहोलच येईल. तसं होत नाही. मिश्रण हे मिश्रण म्हणूनच उकळतं, १२ टक्क्यांचा वॉश ९० च्या पुढे गेल्यावर उकळायला लागतो आणि त्यातून साध्या भांड्यात ६० टक्क्यांच्या आसपासची धार सुरू होते, मग जसजसं अल्कोहोल कमी होतं तसतसं तापमान आपोआप चढत जातं. तुमच्या हातात तापमान नसतं, किती आच द्यायची एवढंच असतं. आच कमी, धार बारीक, अल्कोहोल वेगळं होतं चांगलं.

आणि आता ज्या भागासाठी हा छंद मला एवढा प्रिय आहे तो, म्हणजे कट्स, धारेतला कुठला भाग ठेवायचा आणि कुठला टाकायचा ते ठरवणं. आपल्याकडे पहिल्या धारेची म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात, ती तीव्र असते हे खरं, पण अगदी पहिलं जे येतं ते पिण्याचं नसतं. चार लिटरच्या भांड्यातले पहिले ५० मिली सरळ बाजूला काढा, काच पुसायला वापरा. त्यानंतर छोट्या काचेच्या बरण्या रांगेने नंबर घालून ठेवा आणि प्रत्येकीत थोडंथोडं गोळा करत जा. सुरुवातीच्या बरण्यांना नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो, ते हेड्स. मग एका बरणीपासून तो वास विरतो आणि स्वच्छ, किंचित गोडसर वास येतो, ते हार्ट्स, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आणि जिभेवर तेलकटपणा, ते टेल्स. त्याच दिवशी निर्णय घेऊ नका, बरण्यांवर कापड टाकून रात्रभर ठेवा, सकाळी चहाच्या आधी नाक ताजं असताना प्रत्येक बरणीतला चमचाभर नमुना दुप्पट पाण्यात घालून हुंगा आणि मग ठरवा कुठली आत कुठली बाहेर. हे कुठल्या चार्टवरून येत नाही, नाकालाच शिकवावं लागतं, आणि शंका असलेली बरणी बाहेर ठेवायची सवय लावून घ्यायची. बाहेर ठेवलेलं वाया जात नाही, पुढच्या स्ट्रिपिंग रनमध्ये घालता येतं, फक्त ते पहिले ५० मिली परत घालायचे नाहीत.

मिथेनॉलबद्दल विचारणारच तुम्ही. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरच्या वर माणसं गेली, ती आपल्या सगळ्यांच्या मनात आहेत आणि असायलाच हवीत. पण तिथे मिथेनॉल भट्टीतून आलेलं नव्हतं, कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारू म्हणून गरीब माणसांना विकलं गेलं. साखरेच्या वॉशमध्ये मिथेनॉल जवळजवळ तयारच होत नाही, फळांमधल्या पेक्टिनपासून थोडं होतं, म्हणून फळांच्या वॉशला कट्स जास्त कडक ठेवायचे. आणि पहिले ५० मिली काढले म्हणजे सगळं मिथेनॉल गेलं असंही नाही, ते थोडंथोडं शेवटपर्यंत येत राहतं, त्यामुळे कुठलंही बाहेरचं स्पिरिट आणून ते गाळून शुद्ध करू असा विचार चुकूनही करू नका, तसं ते शुद्ध होत नाही.

घरातला खरा धोका आगीचा आहे. ४० टक्क्यांची दारू २६ डिग्रीच्या आसपास पेट घेण्याइतकी वाफ सोडते, त्याहून तीव्र असेल तर अजून कमी तापमानाला, ती वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि अल्कोहोलची ज्वाळा दिवसाउजेडी नीट दिसत पण नाही. म्हणून गॅसची शेगडी नाही, विजेवरच. दार-खिडकी उघडी. गोळा करायचं भांडं काचेचं आणि हीटरपासून लांब. कंडेन्सरचं पाणी आधी सुरू, मग आच. बाहेर पडायची नळी कधीच बंद करायची नाही, झडप लावायची नाही, वाफेला कायम मोकळी वाट हवी. अग्निशामक हाताशी. मुलं आणि मांजर बाहेर. आणि धार चालू असताना उठून जायचं नाही, फोन आला तर नंतर करतो म्हणायचं, आणि गाळताना प्यायची तर नाहीच.

दारूतलं अल्कोहोल मोजताना अल्कोहोलमीटर वापरा, वॉशचा हायड्रोमीटर इथे चालत नाही. अल्कोहोलमीटर २० डिग्रीला बरोबर दाखवतो, गरम दारूत आकडा जास्त येतो, म्हणून थंड होऊ द्या. पाणी घालताना फिल्टरचं घ्या, नळाच्या जड पाण्याने कधीकधी गढूळ होते. अर्धा लिटर ८० टक्क्यांच्या दारूत अर्धा लिटर पाणी घातलं की पूर्ण एक लिटर भरत नाही, दोन्ही मिसळल्यावर आकारमान थोडं आक्रसतं, म्हणून पाणी मोजून घालण्यापेक्षा एक लिटरच्या खुणेपर्यंत भरायचं.

सुरुवात साखरेनेच करा, स्वस्त आहे आणि चूक लगेच वासात कळते. पण दोन-चार वेळा हात बसला की इंडियन स्टोअरमधला गूळ आणा, शक्य तेवढा गडद. २० लिटरला ५ किलो धरा कारण गुळात साखरेइतकी साखर नसते, हायड्रोमीटरही साखरेच्या वॉशइतका खाली उतरणार नाही, थांबला की थांबू द्या. उकळताना फेस फार येतो म्हणून भांडं तीन चतुर्थांशच भरायचं. पॉट स्टिलमधून दोनदा गाळून, ६० टक्क्यांच्या आसपास असताना भाजलेल्या ओकच्या थोड्या चिप्स घालून काचेच्या बाटलीत ठेवायचं आणि दर आठवड्याला थेंबभर पाण्यात घालून चाखायचं. लाकूड जास्त झालं की तुरट लागतं, तेव्हा लगेच चिप्स काढून घ्यायच्या, लाकूड काढता येतं पण एकदा उतरलेला तुरटपणा काढता येत नाही. कार्बन फिल्टर या गुळाच्या रमला लावू नका, गुळाचा वास निघून जाईल आणि मग गूळ घेण्यात काही अर्थच राहिला नाही.