डब्यात आवाज भरले कुठून?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गावात घरी येणारा जो तो टेबलावरच्या माझ्या मॉड्युलर सिंथचं, म्हणजे सुटे डबे जोडून विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्याचं, वायरींचं जाळं पाहून हेच विचारतो. शेजारचे काका तर परवा खाटेवर बसून म्हणाले, "बटन एकच फिरवतं, आन् आवाज दहा निंघते. कोठून आनतं रे बाबू?"

भरलेलं काहीच नसतं. काकांना आधी साधी साइन लहर ऐकवली, ११० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ११० फेऱ्यांची. तिच्यात मूळ स्वर तेवढा, वरचा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतला स्वर, एकही नाही. मग ती वेव्हफोल्डरमधून नेली. लहर ठरावीक व्होल्टेजच्या वर गेली की फोल्डर तिचं टोक छाटत नाही, दुमडून खाली आणतो. बटन पुढे नेलं की आणखी एक घडी. लहरीचा आकार दाखवणाऱ्या स्कोपचा पडदा पाहून काका म्हणाले, "हे तं धोतराच्या निऱ्या!"

नेमकं. फेरा तेवढाच, म्हणून सूर ११०चाच राहतो. पण त्याच फेऱ्यात चढउतार वाढतात आणि ३३०, ५५०, ७७० हे स्वर उमटतात. घडी वर-खाली सारखी पडली तर विषमच पटी. ऑफसेट फिरवून लहर जरा वर सरकवली की २२०, ४४०ही येतात, आणि पोकळ वाटणारा आवाज भरतो.

सम पटी ऐकायच्या तर आमच्या शेताची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, आहेच. वीज ५० हर्ट्झची, पण डीपी गुणगुणते १०० वर. चुंबकत्व कुठल्याही दिशेचं असो, गाभ्याच्या लोखंडाची लांबी तशीच बदलते, म्हणून एका फेऱ्यात दोनदा. रेक्टिफायर मॉड्यूल लहरीचा खालचा भाग उलटून वर आणतं, तेव्हाही असंच सप्तक चढतं. रात्री ओलिताची पाळी असली की मी डीपीपाशी ऐकत उभा राहतो. बायकोला वाटतं, फ्यूज बघतोय.

सिंथ बनवणारे अमेरिकेतले रॉबर्ट मोग यांची रीत निंदणाची: करवतीच्या दात्यांसारखी, हार्मोनिकनी गच्च सॉ लहर घ्यायची आणि फिल्टरने नको ते काढायचं. कॅलिफोर्नियात डॉन बुकला, सर्ज चेरेपनिन या सिंथ बनवणाऱ्यांनी साध्या लहरीतून पीक काढलं. मला हीच रीत आवडते, कारण इथे लहर किती जोराची दिली त्यावर रंग ठरतो. फोल्डरच्या आधी व्हीसीए, म्हणजे व्होल्टेजने लहरीचा जोर कमी-जास्त करणारा डबा, लावा. एकतारीची तार जोरात छेडली की आधी तिखट, मग मऊ होत जाते, तसं होतं. व्हीसीए नंतर लावला तर आवाज नुसता लहान होतो. मी दोन महिने नंतरच लावत होतो!

दोन स्वर एकाच फोल्डरमध्ये घालताना मात्र जपून. सा २०० आणि प ३०० दिले तर नवे निघणारे स्वरही १००च्याच पटीत, म्हणून खपून जातं. सा आणि कोमल रे, म्हणजे २०० आणि २१३ दिले, तर १८७ आणि २२६ असले उपरे घुसतात. काकांनी दोन्ही ऐकलं.

"हे दुसरं लावू नको," म्हणाले, "बैल बुजतीन."