बालआनंद मेळाव्यातली भरली धिरडी

२४ डिसेंबर, साने गुरुजींची जयंती. आमच्या शाळेचा बालआनंद मेळावा याच दिवशी भरतो. अमळनेर तालुक्यात ही जयंती नुसती फोटोला हार घालून होत नाही. १९२४ ते १९३० या काळात गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे, छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या झाडायचे, त्यांचे कपडे धुऊन ठेवायचे. इथली म्हातारी माणसं अजून हे आपल्या घरातलं असल्यागत सांगतात.

मेळाव्यात वरच्या वर्गातली मुलं दुकानं लावायची. भेळ, उकडलेल्या शेंगा, बोरं, चहा. भांडवल किती, विक्री किती, नफा किती, सगळं वहीत मांडायचं. बालवाडी, पहिली आणि दुसरीची मुलं मात्र सकाळी एक नाच करून मोकळी व्हायची आणि मग आईचा पदर धरून खात फिरायची. आमच्या मोठ्या बाईंना हे खटकायचं. त्या म्हणाल्या, "यांना वर्षभर सगळे भरवतात. एक दिवस यांनी कुणाला तरी भरवू दे." त्यातून लहानांचा धिरड्यांचा कोपरा सुरू झाला.

धिरडंच का, तर त्याला लाटणं नाही, थापणं नाही. भाकरी पाच वर्षांच्या हाताला जमत नाही. धिरड्यात पीठ कालवायचं काम आहे, सारण करायचं आहे, भरायचं आहे, घडी घालायची आहे. एकेका मुलाच्या वाट्याला खरं काम येतं, आणि धिरडं वाकडंतिकडं झालं तरी चवीत फरक पडत नाही.

पीठ दादर ज्वारीचं. चार वाट्या दादर, वाटीभर बेसन, मीठ, हळद, जिरं, थोडं ताक आणि पाणी. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून बेसन. तरीही धिरडं गार झालं की घडी घालताना मोडतंच. त्यामुळे झाकण ठेवून वाफ द्यायची, ओलसर आणि कोमट असतानाच भरायचं आणि दुमडायचं. हे मुलांना सांगून कळलं नाही. दोनदा मोडल्यावर कळलं. "बाई, मन्हं फाटी गयं!" असा आवाज कुठून तरी यायचा, आणि शेजारचा लगेच आपलं धिरडं घाईघाईनं मिटायचा.

तवे दोन, बिडाचे, आणि त्यांच्यापाशी फक्त आया. मध्ये बाकं आडवी लावलेली. मुलांनी बाकांच्या अलीकडे, पाटावर. यात कधी सूट दिली नाही. धिरडं तव्यावरून ताटात यायचं, जरा निवायचं आणि मगच मुलांच्या हाती जायचं.

सारणं दोन. गोडाचं केळीचं. रावेर-यावलकडून कुणाचे तरी पाहुणे आदल्या दिवशी घड आणून टाकायचे. पिवळ्याधमक केळ्यांपेक्षा काळे ठिपके पडलेली केळी बरी, ती हातानं सहज कुस्करतात. त्यात किसलेला गूळ, भाजलेले तीळ, सुकं खोबरं, चिमूटभर वेलची. बालवाडीचं हे काम ठरलेलं. परातीभोवती गोल करून बसायचं, हात धुऊन दाखवायचे आणि कुस्करायचं. त्या वयात "हात घालू नको" हेच सारखं ऐकलेलं असतं. इथं कोपरापर्यंत घालायला मिळायचा. त्यांचे चेहरे मी विसरूच शकत नाही.

तिखटाचं भरताचं. मार्गशीर्षातली चंपाषष्ठी नुकतीच झालेली, त्यामुळे चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरंही आता भरीत खायला मोकळी. आमच्याकडची हिरवी, पांढरट रेषांची, मोठी वांगी. जळगावच्या या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. गावाला त्याआधीपासून दोन्हीचा अभिमान होताच. शाळेमागच्या मोकळ्या जागेत मुलांचे बाबा तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायचे. तो धूर, ती थंडी, आणि सालं करपल्याचा वास वर्गात शिरला की दुसरीतलं कुणी जागेवर राहत नसे. वांगी निवली की सालं सोलायला मुलं. मग लाकडी बडगीत ठेचायचं, एका मुसळाला चार हात. लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर सगळ्यात, भाजलेली मिरची मात्र मोठ्यांच्या वाटणीतच.

खरं सांगायचं तर मला सारणापेक्षा जास्त आठवते ती पंगत. आम्ही मुद्दाम आज्यांना आणि आजोबांना बोलवायचो. शेतातून आलेल्या, कधी शाळेची पायरी न चढलेल्या आज्या डोक्यावरचा पदर नीट करत ओळीनं बसायच्या. पळसाच्या पत्रावळी मांडायची पोरं, पाणी द्यायची पोरं, आणि दोन्ही हातांत धिरडं धरून येणारी पोरं. वाढणारा उभा आणि आजी खाली, असं त्या घरात कधी झालेलं नसायचं. "आजी, गोड देऊ का तिखट?" असं विचारताना त्यांचा आवाज बदलायचा. आजी म्हणायची, "दोन्ही दे रे बापा," आणि नातू धावत सुटायचा.

पहिलीतली एक मुलगी वर्गात बोलत नसे. हजेरीलाही मान हलवायची. पंगतीत तिला मी मीठ वाढायला दिलं, म्हणजे बोलावं लागणार नाही. ती पहिल्याच पानापाशी थांबली. एका म्हाताऱ्या आजोबांनी धिरडं अर्धं ठेवलं होतं. ती वाकून म्हणाली, "पुरं खा ना. मी भरलं शे." सगळ्या पंगतीनं ऐकलं. आजोबांनी खाल्लं, आणखी एक मागून घेतलं, आणि ती ते आणायला स्वतः गेली. तिच्या आईला तव्यापाशी हे कळलं तेव्हा तिच्या हातातला उलथणा तसाच राहिला आणि ते एक धिरडं करपलं. आम्ही कुणी काही बोललो नाही.

नंतरची आवराआवर मोठ्या बाई मुलांकडूनच करून घ्यायच्या. पत्रावळी गोळा करून उकिरड्यात, केळीची सालं गुरांना, परात घासायला वाळू आणि राख. उरलेलं पीठ सांडू द्यायचं नाही, त्याची शेवटची धिरडी तव्याजवळच्या आयांना. त्या दिवसभर भुकेल्याच असायच्या. ती धिरडीही मुलंच भरायची.

मी निवृत्त झाले तरी मेळाव्याला जाते. आता तव्यापाशी उभ्या असतात त्यातल्या दोघीतिघी माझ्यासमोर पाटावर बसून केळी कुस्करलेल्या मुली आहेत. त्यांनी गेल्या वर्षी तिसरं सारण काढलं, मोड आलेल्या मटकीचं, वर शेव पेरून. चव छान होती, पण मटकी जरा कमी शिजली होती आणि लहानांच्या दातांना जड जात होती. तसं मी सांगितलं. यंदा आदल्या दिवशीच शिजवून ठेवू म्हणाल्या.