डोक्यापुरती भेट

कुणाला हाताने विणून काही द्यायचं असेल तर माझं सरळ मत आहे, स्वेटरच्या वाटेला जाऊ नये, हेडबँड विणावा. स्वेटरचं ओझं होतं हो समोरच्यावर. महिनोन् महिने खपून केलाय म्हटल्यावर आवडो न आवडो तो घालणार, फोटो काढून पाठवणार, आणि पुढे आपण भेटणार असलो की आठवणीने कपाटातून काढणार. विणणाऱ्यांमध्ये तर अशी समजूतच आहे की लग्नाआधी बॉयफ्रेंडला स्वेटर विणायला घेतला की ब्रेकअप ठरलेला. खरंखोटं सुयांना माहीत, पण एवढं प्रेम एकदम अंगावर चढवायचं म्हटलं तर कुणीही घाबरेल की! हेडबँडचं तसं नाही, आवडला तर थंडीत कानांवर, नाही आवडला तर तोंड धुताना केस मागे घ्यायला तरी होतोच.

करायलाही अगदी सोप्पा. मध्यम जाडीची लोकर, ४ मिमीच्या सुया, १६-१८ टाके घालायचे आणि जाताना सुलट, येताना पण सुलटच, बास. साधारण ८ सेंमी रुंद पट्टी होते. एक ओळ सुलट एक उलट विणली तर कापड गुळगुळीत दिसतं खरं पण कडा वळतात आणि एवढ्याशा पट्टीची पार सुरळी होऊन बसते. नुसती सुलट पट्टी सपाट राहते, दोन्हीकडून सारखी दिसते आणि ताणली पण मस्त जाते. दर ओळीचा पहिला टाका न विणता नुसता सरकवून घेतला की कड पण नीट येते. टीव्ही बघत, गप्पा मारत, फोन खांद्यात धरून, कसंही विणा, हात आपोआप चालतात.

प्रश्न मापाचा. सरप्राइज द्यायचं म्हणजे टेप घेऊन कुणाच्या डोक्यामागे लागता येत नाही. पण अक्कल कितीही कमीजास्त असो, मोठ्या माणसांची डोकी बहुतेक ५४ ते ५८ सेंमीच्या आसपासच असतात, आणि पट्टी डोक्यापेक्षा ५-६ सेंमी आखूडच ठेवायची असते म्हणजे ती ताणून घट्ट बसते. मापात थोडं इकडेतिकडे झालं तर ते लोकर सांभाळून घेते. सुती धागा नाही सांभाळत, एकदा ताणला की सैलच पडतो आणि बँड भुवयांवर उतरतो. लोकर टोचते का ते मात्र आधी स्वतःच्या मानेवर घासून बघा, कपाळाला टोचणारी भेट कुणी दुसऱ्यांदा घालत नाही.

आता फूल. एकच. तीन फुलं, वर पानं, मध्ये चमकणारा मणी असं सुरू झालं की माणूस डोक्यावर कुंडी घेऊन फिरतोय असं दिसतं. मला आवडतं ते गुलाबासारखं, एक लांब अरुंद पट्टी विणायची, शेवटच्या ओळींमध्ये प्रत्येक टाक्यातून दोन टाके काढायचे म्हणजे टाके वाढून कड आपोआप झालरीसारखी होते, मग ती गुंडाळून खालून चार टाके मारले की झालं फूल. ते बरोबर मध्यभागी नाही, कानाच्या थोडं वर, आणि पट्टीचा जोड मागे केसांखाली.

फूल मी पक्कं शिवत नाही, मागून सेफ्टी पिन लावते, ज्याला नको असेल त्याने काढून पर्सला लावावं, मला विचारायची पण गरज नाही. बाळासाठी विणत असाल तर मात्र पिनही नाही आणि मणीही नाही, फूल चांगलं ओढून बघत घट्टच शिवायचं कारण हाताला लागेल ते तोंडात जातं, आणि झोपवताना बँड काढून ठेवा हे आईला सांगायचंच. बाकी जन्मताना ३५ सेंमीच्या आसपास असलेलं डोकं वर्षभरात ४५-४६ पर्यंत जातं, त्यामुळे तो बँड फार दिवस पुरणारच नाही, तेवढंच अजून एक विणायला निमित्त!