इंग्लिश शेतमजुराचा माग काढताना : माझा अनुभव

विल्टशायरमधल्या एका शेतमजुराच्या घराण्याचा माग मी काढला. जमीन नाही, मृत्युपत्र नाही, सहीच्या जागी फुली. तरी माणूस सापडतो, कारण त्याला पोसायचं कोणी, या वादात तिथल्या पॅरिशांनी, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावकारभाराने, भरपूर कागद लिहून ठेवलेत.

शोध अलीकडून मागे न्यावा. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासूनची. सूची तिमाहीवार असते आणि ती नोंदणीच्या तारखेने लागते. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती, म्हणून डिसेंबरातलं बाळ पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीतही शोधावं. ही नोंद ठेवणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनाव असतं. एकाच नावाची तीन बाळं निघाली, तर तेच बघून निवड करायची. रकाना रिकामा असेल, तर बहुधा आईचं लग्न झालेलं नव्हतं. १८७५ च्या आधी नोंद न केल्याबद्दल दंड नव्हता, त्यामुळे काही जन्म तिथे मिळतच नाहीत.

१८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवलेली असतात, म्हणजे ३९ चा माणूस ३५ चा दिसतो. जन्मगावही नाही, फक्त ‘याच काउंटीतला (म्हणजे जिल्ह्यातला) का’ एवढंच. गाव कळतं १८५१ पासून. आडनाव कानावर पडेल तसं लिहिलेलं असल्यामुळे त्यातला स्वर बदलून, पहिलं अक्षर गाळूनही शोधावं.

१८३७ च्या मागे चर्चची नोंदवही. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील नमुन्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण आहे. त्याआधी बहुतेक ठिकाणी नुसती आईबापांची नावं. बाप्तिस्मा सापडला की लगेच त्याच गावातली दफनं तपासावीत. जोडलेलं बाळ दुसऱ्याच वर्षी पुरलेलं निघालं, तर वरची सगळी वंशावळ कोसळते. हा कंटाळवाणा भाग लोक टाळतात, आणि माझ्या मते ऑनलाइन वंशवृक्षांतल्या निम्म्या घोळाचं मूळ तिथेच आहे.

खरा ऐवज काउंटीच्या अभिलेखागारात. विल्टशायरचं चिपनममध्ये आहे. १६६२ च्या कायद्याने गरिबाच्या मदतीचा भार त्याच्या हक्काच्या पॅरिशवर, म्हणजे कायद्याने तो जिथला ठरे तिथे, पडे. मजूर आजारी पडला किंवा पोरंबाळं उपाशी राहिली, की त्याला दोन मॅजिस्ट्रेटांपुढे उभं करून जबानी घेत: जन्म कुठला, उमेदवारी कोणाकडे केली, वर्षभर चाकरी कुठे आणि किती पगारावर, लग्न कधी, मुलं किती वर्षांची. याला सेटलमेंट एक्झामिनेशन म्हणतात. त्या माणसाची हकीकत जवळजवळ त्याच्याच तोंडून मिळते, असा दुसरा कागद मी पाहिलेला नाही. अविवाहित गड्याने वर्षभर चाकरी केली की त्या गावात हक्क लागत असे. म्हणून काही शेतकरी ५१ आठवड्यांवरच सोडून देत. जबानीत असं तुटक वर्ष दिसलं, तर ते चुकून पडलंय असं समजू नये. पाठवणीचा हुकूम, म्हणजे रिमूव्हल ऑर्डर, पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही पॅरिशांच्या दप्तरांत शोधावा. एकीकडची प्रत हरवली तरी दुसरीकडची असू शकते. घेणाऱ्या पॅरिशने हरकत घेतली असेल, तर क्वार्टर सेशन्सचे, म्हणजे काउंटीच्या तिमाही न्यायालयाचे, कागद काढावेत. १८३४ नंतर गावाऐवजी पुअर लॉ युनियनची, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी एकत्र केलेल्या पॅरिशांच्या संघाची, दप्तरं बघायची.

तरणा मुलगा एका जनगणनेनंतर गायब झाला, तर फौज तपासावी. भरतीच्या कागदावर ‘लेबरर’ हा धंदा सतत भेटतो आणि जन्माचं पॅरिशही तिथेच मिळतं. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली ‘डब्ल्यूओ ९७’ ही मालिका मुख्यतः पेन्शनीत निघालेल्यांची. नोकरीत मेलेल्यासाठी ‘डब्ल्यूओ १२’ मधले हजेरीपट चाळावे लागतात. पलटण पुण्याकडे किंवा खडकीला असेल, तर त्याचं लग्न, मुलांचे बाप्तिस्मे आणि दफन ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात, मुंबई इलाख्याच्या ‘एन/३’ मालिकेत शोधावं. तिथे पलटणीचं नाव मिळालं, की ते घेऊन पुन्हा हजेरीपटांकडे वळायचं.