तुम्ही विचारलंत म्हणून: हेड घासून खरंच पॉवर वाढते का?

गाडी बाहेर काढली की सोलापुरात सात रस्त्याला, पेट्रोल पंपावर, कुणाच्या लग्नात, कुठंही हाच प्रश्न येतो, हेड (इंजिनाचं वरचं झाकण) घासून खरंच पॉवर वाढते का हो, आणि एवढा खर्च करायचाच होता तर सरळ डिझेल इंजिन का नाही टाकलं. उभ्या उभ्या सांगायला जातो आणि अर्धवटच राहतं, म्हणून एकदा बसून लिहितोय.

गाडी आजोबांची, 1947 ची शेवरोले फ्लीटमास्टर. एका ओळीत सहा सिलिंडर, 216 क्युबिक इंच म्हणजे साधारण साडेतीन लिटर, कंपनीच्या कागदावर 90 हॉर्सपॉवर. डिझेल टाकलं असतं तर अॅव्हरेज मिळालं असतं, पण बॉनेट उघडल्यावर तो लांबलचक सहाचा ब्लॉक दिसला नसता आणि तो शिवणयंत्रासारखा आयडलिंगचा आवाज गेला असता, माझ्यासाठी गाडी म्हणजे तोच आवाज आहे. डिझेलचा विषय इथं संपला.

आता हेड. वाढते का, तर हो, वाढते, पण लोकांना वाटतं तिथून नाही. सगळ्यांना वाटतं हेडचा तळ घासून (प्लेन करून) कॉम्प्रेशन, म्हणजे हवा-पेट्रोल दाबलं जाण्याचं प्रमाण, वाढवलं की गाडी पळणार. हिशोब करून बघा. एका सिलिंडरचे 591 सीसी, मूळ कॉम्प्रेशन 6.5, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा साधारण 107 सीसी. मी दीड मिलिमीटर काढलं, जागा आठ-नऊ सीसीनं कमी झाली, कॉम्प्रेशन जेमतेम 7 झालं. थिअरीनं त्याचा फायदा अडीच टक्के, म्हणजे 90 मागे दोन घोडे. आजचं साधं पेट्रोल ऑक्टेनला, म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्यात, त्या काळच्या पेट्रोलपेक्षा खूप चांगलं, त्यामुळं अजून काढता आलं असतं, पण मी मुद्दाम काढलं नाही, कारण पुढं सांगतो.

खरी गोष्ट श्वासाची आहे. या हेडला सहा सिलिंडरसाठी इनटेकचे पोर्ट, म्हणजे हवा-पेट्रोल आत जायच्या वाटा, फक्त तीन, दोन-दोन सिलिंडर एका तोंडानं श्वास घेतात. ते बदलता येत नाही, कास्टिंगच तसं आहे. पण व्हॉल्व्हच्या लगेच खाली जो वाटीसारखा भाग असतो ना, तिथं कास्टिंगचे उंचवटे आणि व्हॉल्व्हचा दांडा धरणाऱ्या गाइडचा जाड गोळा हवेच्या वाटेत उभा असतो, आणि मॅनिफोल्डचं (कार्ब्युरेटरकडून येणाऱ्या नळीचं) तोंड पोर्टच्या तोंडाशी जुळत नाही, एका बाजूला चक्क दोन मिलिमीटरची पायरी होती, बोट फिरवलं की नख अडकायचं. काम तिथं आहे. डाय ग्राइंडर घेऊन रोज संध्याकाळी दोन तास, तीन आठवडे. बिडाची काळी पूड नाकात, कानात, आंघोळ करूनही टॉवेल काळा व्हायचा. इनटेक आरशासारखं चमकवायचं नाही, थोडं खरखरीत ठेवायचं, म्हणजे पेट्रोल भिंतीला चिकटून वाहत नाही. एक्झॉस्ट मात्र गुळगुळीत केलं तर चांगलंच, कार्बन कमी बसतो.

आणि इथंच माझं पहिलं हेड गेलं. भंगारातून आणलेलं जादा हेड होतं म्हणून आधी त्यावर हात बसवत होतो, अजून थोडं, अजून थोडं करत गेलो. वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे हेडमधल्या पाण्याच्या पोकळीत, केरोसिन भरून ठेवलं तर सकाळी तिसऱ्या पोर्टच्या छताला ओल. सुईच्या टोकाएवढं भोक. बीड वेल्ड करणारे आहेत आपल्याकडे, पण त्या जागी वेल्ड टिकेल अशी खात्री कुणी देईना, ते हेड आता कोपऱ्यात पडलंय आणि मला अजून वाईट वाटतं.

सीटचं, म्हणजे व्हॉल्व्ह जिथं टेकून बंद होतो त्या कडेचं, काम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टर्नरकडं करून घेतलं, एरवी ते पॉवरलूमचे पार्ट करतात. त्यांनी हेड उलटं करून बघितलं, व्हॉल्व्हच्या बुडाला अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अण्णा, सीट तर बिडातच बसून गेलीय की, याला रिंगा घालू." बरोबर होतं त्यांचं. शिसं असलेलं पेट्रोल 2000 साली देशभर बंद झालं, त्याआधी तेच शिसं मऊ सीटला सांभाळायचं. कडक रिंगा घातल्या, सीट तीन कोनांत कापल्या, मग पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर हातानं घासून बसवले (लॅपिंग). सहाही चेंबरमध्ये काचेसारखी अॅक्रिलिकची पट्टी ग्रीसनं चिकटवून, मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजनं तेल भरून मोजलं, आधी एकमेकांत चार सीसीचा फरक होता, तो एका सीसीच्या आत आणला. माझं ठाम मत आहे की जो फरक जाणवतो त्यातला अर्ध्याहून जास्त या सीटचा आणि सारखेपणाचा आहे.

जास्त का नाही काढलं? खालचं इंजिन बघा. 216 च्या कनेक्टिंग रॉडला बॅबिट या मऊ मिश्रधातूच्या बेअरिंग, त्या रॉडमध्येच ओतलेल्या, आणि तिथं तेल प्रेशरनं जात नाही, रॉडच्या टोकाला चमच्यासारखा डिपर असतो तो तेल उडवतो. फुल प्रेशर ऑइलिंग पुढं 235 क्युबिक इंचाच्या इंजिनाला 1953-54 मध्ये आलं. अशा इंजिनाला वरून दणके वाढवून आणि आरपीएम चढवून काय मिळणार, बेअरिंगच जाणार. मला त्याच आरपीएमवर जास्त ओढ हवी होती.

ती मिळाली का? तुळजापूरचा घाट. स्टिअरिंगवर लिव्हर, तीनच गिअर, आधी घाट लागला की लगेच सेकंड टाकावा लागायचा आणि मागचे हॉर्न वाजवत बसायचे. हेड बसवल्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा आई मागं बसली होती, घाट अर्धा चढलो तरी गाडी थर्डमध्येच, आई म्हणाली, "अरे, आज आवाज का नाही बदलला?" मला उत्तरच देता येईना, गळा भरून आला होता.

एक काम राहिलंय. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल जास्त, त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या भोकात) मिक्श्चर पातळ होतं, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. चौथा प्लग बाकीच्यांपेक्षा पांढरट दिसतोय, ती पातळ मिक्श्चरचीच खूण, कार्टर कार्ब्युरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा करून बघायचा आहे, आणि उन्हाळा सुरू व्हायच्या आत.