पाणी आलंय

परवा दुपारी ऑफिसात डबा खात होतो आणि सांगलीहून आईचा फोन. मी आपला नेहमीसारखा ओरडून बोलतोय, "पाणी चढाय लागलंय? कितीवर? अडतीस?" फोन ठेवला तर समोरची पुणेकर मैत्रीण म्हणते, "सांगलीत अडतीस मजली बिल्डिंग झाली?" तिला वाटलं पंपाचं पाणी चढत नाहीये.

आता हिला काय सांगायचं. आमच्याकडं जुलै-ऑगस्टात पाणी म्हणजे कृष्णेचं, आणि आकडा म्हणजे आयर्विन पुलाखालचे फूट. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे पाढ्यांच्या आधी पाठ. पूर हा शब्द आम्ही बोलण्यात फारसा वापरतच नाही राव. पूर पेपरात येतो, आमच्याकडं पाणी येतं. चढतं, थांबतं, उतरतं. मुंबईत ते तुंबतं, त्यामुळं तिथं शिव्या द्यायला कोणीतरी सापडतं. नदीला काय शिव्या देणार. तिकडं नरसोबाच्या वाडीला तर पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं आणि लोक तिथं आंघोळीला गर्दी करतात, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. सोहळा!

लहानपणी पप्पा सायकलवर पुढं बसवून पाणी बघाय न्यायचे. अख्खं गाव पुलावर. तांबडं, चहासारखं पाणी, त्यातनं एखादं झाड मुळासकट जायचं, एखादा भोपळा जायचा, आणि कठड्याला टेकलेली माणसं कणीस खात कोयनेतनं किती सोडलं, अलमट्टीनं किती अडवलं यावर भांडायची. क्युसेक म्हणजे काय हे मला अजून धड सांगता येत नाही पण तो शब्द मी तिसरीपासून वापरतोय. पाणी फार वेळ बघितलं की पूलच मागं सरकतोय असं वाटायचं, मग मी पप्पांचा शर्ट धरायचो.

साड्यांच्या सेलच्या फ्लेक्सवर 'महापूर' लिहिलेलं दिसलं की मात्र माझं डोकं फिरतं. लिहिणाऱ्याच्या मोरीतनं एकदा पाणी यायला पाहिजे. होय, ते पुढच्या दारातनं येत नाही, आधी मोरीतनं गुळगुळ करत येतं, उलटं.

२०१९ ला तसंच आलं. आधी सगळी गल्ली छातीठोकपणे सांगत होती, पाचला इथं पाणी नव्हतं आलं. पाचला म्हणजे २००५ ला. त्या एका वाक्यावर लोक घरात बसून राहिले, आम्हीपण. आयर्विनला साडेसत्तावन्न फूट झालं, त्या वेळी आम्ही गच्चीवर होतो, खाली घरात कमरेएवढं पाणी आणि प्यायला थेंब नाही. पूर हा शब्द आमच्या घरात आला तो नंतर, पंचनाम्याच्या कागदावर. पूरग्रस्त, पुढं पप्पांचं नाव.

पाणी उतरल्यावर सगळे चिखल ओढत होते. भिंतीवर पप्पांनी पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घातली, आईची त्याच्यावरनं कटकट चालू, कारण रंग तर काढायलाच लागणार होता. कपाटाचा प्लायवुड पुरीसारखा फुगलेला. आणि चौथ्या का पाचव्या दिवशी गल्लीच्या तोंडाला एक पोरगं जोरात ओरडलं, "पाणी आलं! पाणी आलं!"

नळाला आलं होतं. बायका घागरी घेऊन पळाल्या, मीपण बादली उचलली.

आजी दिसेना. बघितलं तर चपला हातात धरून जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी होती. नळाचं आलंय म्हणून चारदा सांगितलं. ती काय त्या दिवशी खाली उतरली नाही.