विहीणबाईंनी दिलेलं काम

मागच्या नोव्हेंबरात लेकाकडे मिशिगनला होतो तेव्हाची गोष्ट. थँक्सगिव्हिंगचं जेवण विहीणबाईंकडे होतं, कॅलामाझूला, लेकाच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. माझं त्या सणाचं पहिलंच जेवण आणि लेकाच्या सासरचंही पहिलंच, त्यामुळे मी आठ दिवस आधीपासून मनातल्या मनात मांडे खात होते, पुरणपोळ्या कराव्यात का, त्या इलेक्ट्रिक शेगडीवर जमतील का, की सरळ श्रीखंडच न्यावं, आणि रविवारी सूनबाई आईचा निरोप घेऊन आली की तुम्ही फक्त रेलिश ट्रे आणा.

फक्त.

लेकाला विचारलं हे काय असतं रे. तर म्हणे, "अगं काही नाही आई, लोणची, ऑलिव्ह, गाजरं वगैरे एका डिशमध्ये मांडायची. सोपंय एकदम." सोपंय म्हटल्यावर तर मला जास्तच लागलं.

का लागलं ते सांगते. लहानपणी आजोळी वाईला मुंज-बिंज असली की पंगतीत वाढायला आम्ही पोरं पण असायचो, आणि आमच्या हातात पहिल्यांदा काय यायचं तर मिठाचं भांडं. पानाच्या वरच्या टोकाला चिमूटभर मीठ ठेवत जायचं, सांडलं तरी कुणाचं फार नुकसान नाही. एक-दोन वर्षं मीठ नीट वाढलं की लिंबाच्या फोडींवर बढती, मग चटणी, मग कोशिंबीर. लोणच्यापर्यंत पोचायला फ्रॉकमधून परकरात यावं लागायचं. आणि तूप तर कधीच नाही, तुपाचं भांडं एका ठरावीक मावशीच्याच हातात, ती ते पाच बोटांत असं धरायची की धार पडण्याआधीच थांबायची. तर डावी बाजू म्हणजे पोराटोरांचं काम, हे डोक्यात पक्कं बसलेलं. आणि आता साठाव्या वर्षी, मुलाची आई म्हणून, आमच्यात ज्या नात्याला विहिणीची पंगत बसवतात त्या नात्याने, मला मीठ वाढायला सांगितलं होतं! हे नवऱ्याला बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "बरं झालं, तुझा ताण गेला." काही माणसांशी बोलण्यात अर्थ नसतो.

पण मग डिश आली. सूनबाई आईकडून घेऊन आली होती, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, तिच्या पणजीची. जाड कट ग्लासची, नक्षी अशी की बोट फिरवलं तर खरखर लागते, मधे एक गोल खण आणि भोवती पाच. एका खणाच्या कडेला टवका उडालेला. सोबत यादी. यादीत काय असावं हे तर होतंच, पण काय कुठे असावं हेही होतं. काळे ऑलिव्ह मधल्या खणात. सेलेरी, म्हणजे जाड कच्च्या दांड्यांची ती पालेभाजी, टवक्याच्या बाजूला, म्हणजे टवका झाकला जातो. गोड लोणचं आणि बीट शेजारी-शेजारी नको. सेलेरीत चीज भरायचं नाही, तसलं बाकीचे लोक करतात. हे वाचलं आणि माझा राग निम्मा तिथेच उतरला, कारण ही बाई कोण आहे ते मला कळलं. आमच्याकडेही लोणचं उजवीकडे वाढलं तर आजोबा पानावरून उठायचे नाहीत पण बघायचे असं, की त्यापेक्षा उठलेले परवडले.

खरेदीला मी स्वतः गेले. आणि तिथे ऑलिव्हच्या रॅकसमोर पंधरा मिनिटं उभी. हिरवे काचेच्या बरणीत, काळे मात्र पत्र्याच्या डब्यात, सगळ्या कंपन्यांचे, एकही काळा ऑलिव्ह काचेत दिसेना. डब्यावर साइझ लिहिलेला, लार्ज, एक्स्ट्रा लार्ज, जंबो, कलोसल, सुपर कलोसल. मोठ्यापासूनच मोजायला सुरुवात! सुनेने सांगितलं लार्जच घ्या, बिया काढलेले, जंबो नको, बोटांतून पडतात. बोटांतून कशाला पडतील ते मला तेव्हा कळलं नाही.

लोणच्यांच्या रॅकला आणखी मजा. बोटाएवढ्या काकड्यांची, म्हणजे घर्किनची, एक बरणी उलटी करून बघितली (मी सगळं उलटं करून बघते, आमच्यात शाकाहारी माणसाला इथे दुसरा इलाज नाही) तर मागे छापलेलं, प्रॉडक्ट ऑफ इंडिया. मी तिथल्या तिथे लेकाला ओरडून सांगितलं, तो म्हणाला आई हळू. पण आहेच ते, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कर्नाटकात आणि मग तमिळनाडू, आंध्रात ही पिटुकली काकडी छोटे शेतकरी कंपन्यांशी करार करून लावतात आणि जवळजवळ सगळी परदेशी जाते. आपल्याकडे कुणी खात नाही ती. आपल्याला काकडी म्हणजे कोचवून दाण्याचं कूट घालायची वस्तू. तर ती बिचारी खाऱ्या पाण्यात बुडून सातासमुद्रापार आलेली, आणि मी पण आलेली, आणि आमची गाठ पडली मिशिगनमधल्या एका दुकानात. दोन बरण्या घेतल्या.

दुसरं लोणचं ब्रेड अँड बटर नावाचं. त्यात ना ब्रेड ना बटर, काकडीच्या चकत्या, कांदा, व्हिनेगर, साखर. पण चमचाभर चाखलं तर जिभेला काहीतरी ओळखीचं, आणि बरणीत बघते तर तळाशी अख्खी मोहरी आणि पाणी पिवळं, हळदीने. म्हणजे सगळी फोडणी हजर, फक्त तेल आणि तिखट विसरलेले! रेलिश या प्रकाराचं मूळच तसं आहे म्हणा. इंग्रजांची पिकालिली म्हणून जी भाज्यांची हळद-मोहरीची पिवळी चटणी असते तिला अठराव्या शतकातल्या त्यांच्या पाककृतींच्या पुस्तकांत चक्क इंडियन पिकल म्हटलंय. लोणचं इथून गेलं, तिकडे जाऊन तिखट सोडलं, साखरेच्या नादी लागलं. आपल्याही घरात असं एखादं परदेशी गेलेलं असतंच, त्याला नावं ठेवत नाही आपण.

मांडणी सणाच्या दिवशी, गुरुवारी सकाळी. आता इथे मी माझा जुना हुकमी पत्ता काढला. लग्नानंतर पुण्यात महिला मंडळात मी सॅलड डेकोरेशनचा आठ दिवसांचा क्लास केला होता, काकडीची कमळं, गाजराचे करंडे, बिटाचे गुलाब, पुढे नणंदेच्या रुखवतात त्यातले दोन गेले आणि त्यानंतर चाळीस वर्षं काही नाही. यादीत लाल मुळे होते. तो गोल लिंबाएवढा मुळा घ्यायचा, शेंडी उडवायची, देठाकडचं एक छोटंसं पान ठेवायचं, आणि धारदार सुरीने वरून खाली बाजूने पाकळी कापायची, पण तळाला सुटू द्यायची नाही, लाल साल बाहेर आणि पांढरं आत राहील अशी. चार पाकळ्या बाहेर, मग त्यांच्या मधे चार. कापल्यावर तो मुळा काही दिसत नाही, नुसता चिरा पडलेला मुळा. मग बर्फाच्या पाण्यात टाकून विसरायचं. तासाभराने पाकळ्या पाणी पिऊन फुगतात आणि आपोआप बाहेर वळतात. मी बारा केले, त्यातले दोन तुटले ते नवऱ्याने खाल्ले. बाकीचे दहा पाण्यात हळूहळू उमलताना बघत मी चहा घेतला, आणि खरं सांगायचं तर पुरणपोळीची आठवणसुद्धा आली नाही.

ऑलिव्ह निथळून एकेक टिपून घेतला, ओले ठेवले तर काचेवर काळं पाणी सुटतं. हिरवे, गोड काकड्या, ब्रेड अँड बटर, बीट, आणि पाचव्या खणात सेलेरीच्या सोळा काड्या गाजरांबरोबर उभ्या-आडव्या, टवका झाकून. बीट आणि गोड लोणचं लांब. आणि तरी मला चैन पडेना. मीठ नाही, लिंबू नाही, ही कसली डावी बाजू? नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत हे ठीक, पण माणसांच्या? शेवटी एका छोट्या वाटीत मीठ आणि चार फोडी लिंबाच्या वेगळ्या घेतल्या, विचारलं कुणी तर आमचे हे खातात म्हणून सांगायचं.

आणि मग गाडीत व्हायचं ते झालं. डिश माझ्या मांडीवर, वर प्लास्टिकचा कागद ताणून लावलेला, शेवटच्या वळणावर लेकाने ब्रेक मारला आणि बिटाचं सगळं पाणी उडी मारून सेलेरीत. विहीणबाईंच्या अंगणात गाडी लावून आम्ही दोघी, मी आणि सून, थंडीत कुडकुडत पेपर टॉवेलने सेलेरीच्या काड्या पुसतोय, आणि त्या गुलाबीच होत चालल्यात. दारातून विहीणबाई आल्या, डिशकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. मुळ्याचं एक फूल उचलून उजेडात धरलं, फिरवलं, आणि आत नेऊन सगळ्यांना दाखवायला लागल्या. इकडे येईपर्यंत मला वाटत होतं विहिणीचा मान म्हणजे साडी-चोळी.

जेवण अडीच वाजता. टेबलावर टर्की, त्याची ग्रेव्ही, टर्कीच्याच रसात भिजवलेलं ब्रेडचं स्टफिंग, बीन्समध्ये बेकन, लालभडक जेली त्यात हाडांचं जिलेटिन. मी मनात एकेकावर फुली मारत गेले, आणि फुली न मारता उरलं ते बटाटा, पाव, क्रॅनबेरी आणि माझी डिश. ती विहीणबाईंनी बरोब्बर माझ्यासमोर आणून ठेवली होती. सुनेने हळूच सांगितलं की आईने महिनाभर आधी तिला विचारलं होतं, तुझी सासू काय काय खात नाही. पुढे ती काही बोलली नाही आणि मीही नाही, पाव जरा जास्तच वेळ चावत बसले.

बोटांचं कोडंही सुटलं. प्रार्थना संपते न संपते तोच पोरांनी काळे ऑलिव्ह दहा बोटांत टोपणासारखे घातले आणि एकेक खायला सुरुवात केली, आणि पोरांत एक व्याहीबुवाही होते, वय वर्षं त्र्याहत्तर. त्यांना मी विचारलं, हे डब्यातच का येतात, बरणीत का नाही. ते असल्या प्रश्नाची वाटच बघत होते. १९१९ साली ऑगस्टमध्ये ओहायोतल्या कँटन गावी एका मेजवानीत काचेच्या बरणीतले काळे ऑलिव्ह खाऊन बॉट्युलिझमची, म्हणजे बंद डब्या-बरणीत वाढणाऱ्या जंतूंची, विषबाधा झाली, सात माणसं गेली, मग आणखीही गावांतून तशाच बातम्या. त्यानंतर नियम आला की काळे ऑलिव्ह २४० फॅरनहाइटला शिजवूनच विकायचे, तेवढ्या तापमानाला पत्र्याचा डबाच बरा. हिरव्यांच्या पाण्यात आंबटपणा असतो, त्यात ते जंतू वाढत नाहीत, म्हणून ते बरणीत राहिले. हे सगळं त्यांनी उजव्या हाताची पाच ऑलिव्ह नाचवत, विषबाधा या शब्दाला करंगळीचं खात सांगितलं. काळा रंगही मूळचा नाही म्हणे, कच्ची हिरवी फळंच लायच्या, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या, पाण्यात आणि हवेत काळी करतात आणि रंग टिकायला लोहाचा क्षार. मला तर ते चवीला काहीच लागले नाहीत, खारट रबर. पण दहा मिनिटांत मधला खण रिकामा.

माझ्या लिंबाच्या फोडीही संपल्या. कुणीतरी चहात पिळल्या. मीठ तसंच.

आणि सेलेरी. त्यावर मात्र विहीणबाईच बोलल्या. त्यांचे आजोबा डच, कॅलामाझूच्या दलदलीच्या काळ्या जमिनीत सेलेरी लावायचे, एकेकाळी या गावाला सेलेरी सिटीच म्हणायचे, सगळी डच कुटुंबं त्यातच. दांडे पांढरे आणि कोवळे राहावेत म्हणून दोन्ही बाजूंनी फळ्या लावून किंवा माती चढवून ऊन अडवायचं, घोड्यांच्या पायाला रुंद लाकडी बूट, नाहीतर रुतायचे. त्याआधी तर सेलेरी अशी महागाची वस्तू की श्रीमंत घरांत टेबलाच्या मधोमध फुलदाणीसारख्या उंच काचेच्या भांड्यात उभी करून ठेवायची. त्या बोलत होत्या आणि सगळे मान हलवत होते आणि डिश हातोहात फिरत होती, आणि प्रत्येक जण सेलेरीच्या खणापाशी येऊन पुढे जात होता. मी सुनेच्या कानात विचारलं, गुलाबी झाली म्हणून का गं? ती म्हणाली, "नाही आई. कधीच खात नाही कोणी."

रात्री डिश धुवून टॉवेलात गुंडाळून त्यांच्या कपाटात ठेवली, टवक्याची बाजू आत. उरलंसुरलं एका बटरच्या रिकाम्या डब्यात भरून त्यांनी मला बरोबर दिलं, नको म्हटलं तरी. घरी येऊन उघडलं. सोळातल्या पंधरा काड्या होत्या, आणि सोळावी मी खाल्ली होती, मीठ लावून.